धर्माचा रकाना आणि नास्तिकाचे स्थान

भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या आश्रयाने जी वस्ती वाढली, तिच्यातील खुर्सीपार या भागात हिंडणाऱ्या मनुष्यास तासाभराच्या अवकाशात अर्धा हिंदुस्थान भेटतो. आंध्रातून, ओडिशातून, बिहारातून, केरळातून, पंजाबातून, विदर्भातून आणि छत्तीसगढच्याच खेड्यापाड्यांतून माणसे येथे आली ती पोटासाठी. परंतु येताना प्रत्येकाने आपापला देव्हाराही बरोबर आणला, आणि त्यामुळे तेलुगू घरातील व्यंकटेश, मराठी घरातील गणपती, बंगाल्यांची काली, शिखांचा ग्रंथसाहेब, सतनामी समाजाचा शुभ्र जैतखांब, मुसलमानांची नमाज, ख्रिस्ती बांधवांची रविवारची प्रार्थना आणि विदर्भातून आलेल्या बौद्धांची वंदना ही सारी या लोखंडाच्या मुलखात एकमेकांच्या शेजारी नांदू लागली. या शेजाराचे कौतुक पुष्कळ होते, आणि ते योग्यच आहे. परंतु याच वस्तीत आणखी एक इसम राहतो, ज्याला देऊळ नाही, मशीद नाही, सण नाही, मिरवणूक नाही आणि म्हणूनच जो सहसा कोणाच्या दृष्टीस पडत नाही. हा इसम म्हणजे नास्तिक. तोही त्याच पाळीला कामावर जातो, त्याच भट्टीच्या धगीपुढे उभा राहतो, त्याच नळावर पाणी भरतो; मात्र खानेसुमारीचा कारकून दारात येऊन धर्माचा रकाना उघडतो, तेव्हा आपल्याविषयी काय लिहवून घ्यावे याचा त्याला इतरांहून अधिक विचार करावा लागतो.

२०११ च्या खानेसुमारीत देशातील सुमारे १२१ कोटी लोकांपैकी २८ लाख ६७ हजारांच्या आसपास लोकांच्या नावापुढे कोणताच धर्म नोंदलेला नाही. हे सर्वच नास्तिक आहेत असे समजण्याचे कारण नाही, आणि देशातील सर्व नास्तिक या संख्येत आले आहेत असेही नाही, कारण ईश्वर न मानणारे कित्येक लोक जन्माने मिळालेल्या धर्माचे नाव सांगून मोकळे होतात. प्रश्न संख्येचा नाहीच. धर्मनिरपेक्षता या शब्दाचा जो अर्थ आपण शाळेपासून ऐकत आलो, त्या अर्थात या माणसाला जागा आहे किंवा नाही, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचे उत्तर शोधू लागले म्हणजे धर्मनिरपेक्षतेचा आपण समजतो तो अर्थच अपुरा असल्याचे ध्यानात येते.

रूढ अर्थ असा की, धर्मनिरपेक्षता म्हणजे सर्वधर्मसमभाव: राज्यातील सर्व धर्मांना सारखा मान, सर्वांच्या सणांना सारखी सुट्टी, सर्वांच्या प्रार्थनांना सारखे व्यासपीठ. हा भाव उदात्त आहे यात शंका नाही. महात्मा गांधींसारख्या पुरुषाने तो आपल्या प्राणांची किंमत देऊन जपला. परंतु ही पंगत धर्मांची आहे. तिच्यात पान मांडले जाते ते धर्माच्या नावाने, आणि ज्याला धर्मच नाही तो दाराबाहेर उभा राहतो, किंवा यजमानाच्या सौजन्यावर आत येतो. नागरिकाचे स्थान सौजन्यावर अवलंबून असणे हे कोणत्याही कायद्याच्या राज्याला शोभणारे नव्हे. म्हणून धर्मनिरपेक्षतेचा पाया धर्मांच्या परस्पर आदराहून खोल कोठे आहे काय, हे पाहिले पाहिजे.

प्रथम शब्दाचाच विचार करू. ज्या इंग्रजी शब्दासाठी आपण धर्मनिरपेक्षता म्हणतो, तो ‘सेक्युलरिझम’ हा शब्द एका विशिष्ट मताचे नाव म्हणून १८५१ साली जॉर्ज जेकब होलिओक या इंग्रज लेखकाने रूढ केला, आणि हा होलिओक स्वतः ईश्वर मानणारा नव्हता. १८४२ साली चेल्टनम येथील एका व्याख्यानात त्याने ईश्वराविषयी जे उद्गार काढले, त्यांबद्दल त्याला धर्मनिंदेच्या आरोपाखाली सहा महिन्यांची कैद भोगावी लागली, आणि तो तुरुंगात असतानाच त्याची लहान मुलगी मरण पावली. अशा मनुष्याने पुढे नवे मत मांडताना सूडाची भाषा केली असती तरी ती समजण्यासारखी होती. परंतु त्याने उलट असा विचार केला की, माणसांचे या जगातील हित, त्यांचे शिक्षण, त्यांची मजुरी, त्यांचे आरोग्य हे विषय ईश्वराच्या अस्तित्वाचा वाद मिटेपर्यंत खोळंबून राहू नयेत, आणि या कामात आस्तिक व नास्तिक या दोघांनाही खांद्याला खांदा लावून उभे राहता यावे. त्याच्या मागून आलेल्या चार्ल्स ब्रॅडलॉने हेच मत अधिक प्रखर केले. नॉर्दम्प्टनच्या मतदारांनी त्याला १८८० साली पार्लमेंटात निवडून दिले, परंतु त्याच्या नास्तिक मतांमुळे शपथेचा वाद उभा राहिला आणि पुनःपुन्हा निवडून येऊनही १८८६ पर्यंत त्याला आपली जागा निर्वेधपणे मिळाली नाही. १८८८ साली त्याच्याच प्रयत्नाने तेथे ईश्वराचे नाव न घेता प्रतिज्ञा करण्याचा हक्क कायद्याने सर्वांना मिळाला. हाच ब्रॅडलॉ १८८९ च्या डिसेंबरात मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनास हिंदुस्थानचा मित्र म्हणून आला होता, आणि १८९१ साली लंडनजवळ त्याचा अंत्यविधी झाला तेव्हा तेथे जमलेल्या समुदायात विद्यार्थी मोहनदास गांधी उपस्थित होते. ईश्वरावर अढळ श्रद्धा असलेला तरुण एका नास्तिकाला अखेरचा निरोप देण्यासाठी जातो, ही गोष्ट लहान दिसली तरी या विषयाचे मर्म तिच्यात आहे.

मराठीत या कल्पनेला इहवाद, निधर्मी राज्य, धर्मनिरपेक्ष राज्य अशी निरनिराळी नावे मिळाली. त्यांपैकी ‘निधर्मी’ या शब्दाने पुष्कळ गैरसमज केला, कारण त्यावरून राज्य धर्माचे वैरी आहे असा ध्वनी निघतो. ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द मात्र नीट उकलून पाहिला तर अर्थवाही आहे. ‘अपेक्षा’ या शब्दाच्या मुळाशी एखाद्या वस्तूकडे पाहणे, तिच्यावर अवलंबून असणे हा अर्थ आहे. तेव्हा धर्मनिरपेक्ष राज्य म्हणजे नागरिकाला त्याचा हक्क देण्यापूर्वी त्याच्या धर्माकडे न पाहणारे राज्य. खुर्सीपारच्या मराठी घरातील मुलाला हा शब्द दोन रूपांत भेटतो. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने उद्देशिकेत आलेल्या या विशेषणाला संविधानाच्या मराठी पाठात ‘धर्मनिरपेक्ष’ म्हटले आहे, तर शाळेच्या हिंदी पुस्तकात तो मुलगा ‘पंथनिरपेक्ष’ असे वाचतो. धर्म म्हणजे कर्तव्य, नीती, समाजाची धारणा असा व्यापक अर्थ घेणाऱ्यांना राज्य धर्माविना असणे अशक्य वाटते, म्हणून ते ‘पंथ’ हा शब्द पसंत करतात. नास्तिकाच्या दृष्टीने दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात: धर्म म्हणजे कर्तव्य असेल तर तो त्याच्या बाहेर नाही, आणि धर्म म्हणजे पंथ असेल तर राज्याने त्याची विचारपूस करण्याचे प्रयोजन नाही.

नास्तिक हा परदेशातून आलेला पाहुणा आहे अशी समजूत ज्यांची असेल, त्यांनी आपल्याच दर्शनांचा इतिहास आठवावा. आपल्या परंपरेत नास्तिक म्हणजे ईश्वर न मानणारा असा अर्थ मुळात नव्हताच. पाणिनीच्या व्याकरणावरून पाहता परलोक नाही असे मानणारा तो नास्तिक ठरतो, आणि स्मृतिकारांच्या दृष्टीने वेदांची निंदा करणारा तो नास्तिक. त्यामुळे सृष्टिकर्ता ईश्वर सिद्ध होत नाही असे म्हणणारे सांख्य आणि यज्ञाचे फळ देण्यास ईश्वराची गरज न मानणारे मीमांसक आस्तिकांत गणले गेले, तर जैन, बौद्ध आणि चार्वाक हे नास्तिकांत. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांनी ‘सर्वदर्शनसंग्रह’ रचताना आरंभीच चार्वाकाचे मत मांडले. खंडन करण्यासाठी का होईना, पण त्या मताला दर्शन म्हणून जागा दिली. ईश्वर न मानणाऱ्यांची ही जागा आधुनिक न्यायालयानेही ओळखली. १९५४ साली मद्रास आणि मुंबई या दोन राज्यांतून आलेल्या प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयाने असे स्पष्ट केले की, धर्म हा ईश्वरवादी असलाच पाहिजे असे नाही, कारण बौद्ध आणि जैन यांसारखे धर्म ईश्वर मानीत नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लक्षावधी लोकांसह जो धर्म स्वीकारला, त्यात सृष्टिकर्त्याला स्थान नाही, आणि त्या धर्माची घरे आज भिलाईतही आहेत. तेव्हा ईश्वरावाचून सदाचाराने जगणे या भूमीला अपरिचित नाही.

मराठी भाषेने तर आधुनिक काळात या विचाराची मोठी किंमत मोजली आहे. गोपाळ गणेश आगरकरांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढून बुद्धीच्या कसोटीवर रूढी तपासावयास आरंभ केला, तेव्हा पुण्यातील सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली; आणि तरीही फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्यपद भूषवीत, दारिद्र्यात आणि दम्याच्या विकारात, हा पुरुष अखेरपर्यंत आपल्या मतापासून ढळला नाही. महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र रघुनाथ यांनी संततिनियमनाच्या प्रसारासाठी गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडली आणि १९२७ पासून १९५३ साली मृत्यू येईपर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक चालविले. ईश्वर आणि धर्म यांविषयीची आपली नास्तिक मते त्यांनी कधी लपविली नाहीत. १९३४ साली त्यांच्यावर खटला झाला, तेव्हा त्यांची बाजू मांडण्यास डॉ. आंबेडकर उभे राहिले. वाईचे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी, ज्यांनी वेदशास्त्रांचे अध्ययन गुरुगृही केले होते, त्यांनीच जडवादाचे विवेचन करणारा ग्रंथ लिहिला, नागपुरात ‘हिंदुधर्माची समीक्षा’ या विषयावर व्याख्याने दिली, आणि त्यांनीच पुढे भारताच्या संविधानाचा संस्कृत अनुवाद केला. हमीद दलवाई यांनी २२ मार्च १९७० रोजी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, आणि १९७७ साली मृत्यू आला तेव्हा आपल्या देहावर कोणताही धार्मिक विधी होऊ नये हीच त्यांची इच्छा होती. या माणसांना कोणी समाजाबाहेरचे म्हणावे असे त्यांच्या कार्यात काहीच नाही.

आता राज्याच्या रचनेकडे वळू. धर्म आणि राज्य यांचे नाते जगात निरनिराळ्या रीतींनी जुळविले गेले. अमेरिकेने १७९१ च्या दुरुस्तीने राज्यास कोणताही धर्म प्रस्थापित करण्याची मनाई केली. फ्रान्सने ९ डिसेंबर १९०५ च्या कायद्याने चर्च आणि शासन यांची फारकत केली. परंतु भिलाईच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे ती तिसरी रीत, कारण त्या रीतीच्या देशातील माणसे येथे येऊन राहिली होती. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भिलाईच्या कारखान्यासाठी सोव्हिएत संघाशी करार झाला. त्या करारानुसार रशियन अभियंते कुटुंबांसह भिलाईत आले. ते ज्या राज्याचे नागरिक होते, त्या राज्याच्या १९३६ च्या संविधानातील १२४ व्या कलमाची शब्दयोजना मोठी विचार करण्यासारखी आहे. त्या कलमाने सर्वांना दिले ते उपासनेचे स्वातंत्र्य आणि धर्मविरोधी प्रचाराचे स्वातंत्र्य. म्हणजे श्रद्धावानाने घरात किंवा प्रार्थनामंदिरात मुकाट्याने पूजा करावी, आणि बोलण्याचा अधिकार मात्र नास्तिकाचा. भिलाईची भट्टी उभी राहत होती त्याच वर्षांत ख्रुश्चेव्हच्या अमदानीत तेथे धर्माविरुद्ध नवी मोहीम सुरू होऊन सहस्रावधी प्रार्थनामंदिरे बंद पडत होती. ज्या राज्यात नास्तिकांचे मत हेच सरकारी मत झाले, ते राज्य धर्मनिरपेक्ष राहिले नाही. कारण नागरिकाचा हक्क ठरविण्यासाठी त्यानेही धर्माकडेच पाहिले, फक्त उलट्या बाजूने. नास्तिकाने हे उदाहरण विशेष लक्षात ठेवावे. त्याला हवे आहे ते निष्पक्ष राज्य; आपल्या मताचे राज्य मागणे म्हणजे ज्या अन्यायाची तक्रार तो करतो तोच दुसऱ्यावर लादणे होय.

भारताने तंत्र रशियाचे घेतले, पण ही रीत घेतली नाही. आपण काय घेतले, याची साक्ष १७ ऑक्टोबर १९४९ या दिवशी संविधान सभेत झालेल्या चर्चेत सापडते. उद्देशिकेचा आरंभ ईश्वराच्या नावाने व्हावा अशी दुरुस्ती हरी विष्णू कामत यांनी त्या दिवशी मांडली. कामत हे मध्य प्रांत व वऱ्हाडचे प्रतिनिधी होते, म्हणजे आजची भिलाई ज्या प्रांतात मोडत होती त्याच प्रांताचे. त्यांचा हेतू शुद्ध होता. परंतु त्रावणकोरचे थाणू पिल्लै यांनी असा आक्षेप घेतला की, संविधानाप्रमाणे माणसाला ईश्वर मानण्याचा किंवा न मानण्याचा अधिकार आहे, आणि ही दुरुस्ती म्हणजे श्रद्धेच्या बाबतीत सक्ती होईल. पंडित हृदयनाथ कुंझरू यांनी दाखवून दिले की, ज्या उद्देशिकेत विचार, विश्वास, श्रद्धा आणि उपासना यांच्या स्वातंत्र्याचे अभिवचन आहे, तिच्याच पहिल्या शब्दात सर्वांच्या वतीने ईश्वराचे नाव घेणे हे त्या अभिवचनाशी विसंगत आहे. पूर्णिमा बॅनर्जी यांनी कामतांना विनविले की, ईश्वरावर मत देण्याचा प्रसंग सभेवर आणू नये. कामतांनी आग्रह सोडला नाही; मतगणना झाली, ४१ मते बाजूने आणि ६८ मते विरुद्ध पडून दुरुस्ती फेटाळली गेली. विरुद्ध मत देणारे सगळे काही नास्तिक नव्हते. ज्यांचा ईश्वरावर विश्वास होता त्यांनीही ज्याचा नाही त्याच्यासाठी पहिल्या ओळीत जागा राखून ठेवली, आणि ‘आम्ही भारताचे लोक’ या शब्दांत तोही सामावला. त्या सभेचे अध्यक्षस्थान भूषविणारे डॉ. राजेंद्रप्रसाद हे स्वतः परम श्रद्धाळू पुरुष होते. पुढे ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती या नात्याने भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन त्यांनीच केले.

संविधानाच्या २५ व्या कलमाचा आरंभच या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. धर्म प्रकट करण्याचे, आचरण्याचे आणि त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य त्यात आहेच. परंतु त्याच्याही आधी ‘सद्सद्विवेकबुद्धीचे स्वातंत्र्य’ हे शब्द येतात. हा क्रम अर्थपूर्ण आहे. स्वातंत्र्याचा धनी धर्म नव्हे, व्यक्ती आहे. व्यक्तीचा विवेक हे मूळ, आणि त्यातून कोणी देवळात जातो, कोणी मशिदीत जातो, कोणी कोठेच जात नाही, या त्याच्या शाखा. २७ व्या कलमान्वये विशिष्ट धर्माच्या संवर्धनासाठी कर देण्याची सक्ती कोणावर करता येत नाही. २८ व्या कलमाने संपूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण देण्यास मनाई आहे, आणि सरकारमान्य शाळेत कोणालाही त्याच्या, किंवा तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवाचून धार्मिक उपासनेस हजर राहावयास लावता येत नाही. ज्या घटनादुरुस्तीने ‘धर्मनिरपेक्ष’ हा शब्द आणला, तिनेच ५१ क या कलमात विज्ञाननिष्ठ दृष्टिकोन, मानवतावाद आणि शोधक बुद्धी यांचा विकास करणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून घातले.

या तत्त्वाची कसोटी अर्थातच ग्रंथात लागत नाही. ती कचेरीत, शाळेत आणि विवाहाच्या नोंदणीत लागते. मुंबई उच्च न्यायालयापुढे असे एक प्रकरण आले. ईश्वर आणि येशू यांवर श्रद्धा असूनही आपण कोणत्याही संघटित धर्माचे नाही असे म्हणणाऱ्या काही लोकांनी राजपत्रात तशी नोंद व्हावी म्हणून अर्ज केला, आणि सरकारी मुद्रणालयाने तो नाकारला. २३ सप्टेंबर २०१४ रोजी न्यायालयाने निर्णय दिला की, कोणत्याही नागरिकाला अमुक धर्माचा आहे असे जाहीर करण्याची सक्ती राज्य करू शकत नाही, आणि आपला कोणताच धर्म नाही असे म्हणण्याचा अधिकार २५ व्या कलमातील विवेकस्वातंत्र्यातच अंतर्भूत आहे. नास्तिकाच्या हक्काची ही सनद श्रद्धा असलेल्या माणसांनी मिळवून दिली, हेही ध्यानात घ्यावे. त्यापूर्वी २०१३ साली त्याच न्यायालयाने नाशिकच्या एका शिक्षकाला न्याय दिला होता. शाळेच्या प्रार्थनेच्या वेळी हात जोडण्यास नकार दिल्यामुळे त्याला बेशिस्त ठरवून वरिष्ठ वेतनश्रेणी अडविण्यात आली होती. उभे राहणे हा शिस्तीचा भाग होऊ शकेल, पण हात जोडणे हा अंतःकरणाचा व्यापार आहे, आणि तो हुकमाने होत नसतो. २०१९ साली तामिळनाडूतील तिरुपत्तूर येथील एका वकील बाईंना दीर्घ प्रयत्नांनंतर तहसील कचेरीतून जात नाही, धर्म नाही असा दाखला मिळाला.

शपथेच्या बाबतीत, ब्रॅडलॉला ज्यासाठी सहा वर्षे झगडावे लागले ते भारतीय नास्तिकाला पहिल्या दिवसापासून मिळाले: संविधानाच्या तिसऱ्या अनुसूचीत ‘ईश्वरसाक्ष शपथ घेतो’ आणि ‘गांभीर्यपूर्वक दृढकथन करतो’ हे दोन पर्याय एकाच ओळीत, समान दर्जाने दिलेले आहेत, आणि १९६९ च्या शपथ कायद्याने न्यायालयातील साक्षीदारालाही तोच हक्क आहे. विवाहाचा इतिहास अधिक वळणाचा आहे. १८७२ च्या तिसऱ्या कायद्याप्रमाणे नोंदणीचा विवाह करू इच्छिणाऱ्या वधूवरांना आपण हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, पारशी इत्यादी कोणत्याही धर्माचे नाही असे लिहून द्यावे लागे, म्हणजे धर्म सोडल्यावाचून धर्माबाहेर विवाह करता येत नसे. १९२३ साली त्यात थोडी मोकळीक झाली, आणि १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने धर्माचा प्रश्नच काढून टाकला. आस्तिकाला नास्तिक म्हणवून घेण्याची सक्ती आणि नास्तिकाला आस्तिक म्हणवून घेण्याची सक्ती, या दोन्ही सारख्याच अनिष्ट आहेत, हा धडा त्या कायद्याच्या प्रवासात आहे.

तरी सर्व तरतुदी पूर्ण झाल्या असे म्हणता येणार नाही. आपले वारसा आणि कुटुंबविषयक कायदे अद्याप बहुतांशी धर्मवार आहेत. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याची व्याप्ती अशी आहे की, जो मुसलमान, ख्रिस्ती, पारशी किंवा यहुदी नाही तो बहुधा त्यात येतोच. त्यामुळे हिंदू घरात जन्मलेला नास्तिक कायद्याच्या दृष्टीने हिंदूच राहतो. केरळातील मुस्लिम कुटुंबात जन्मलेल्या, पण श्रद्धा न उरलेल्या एका स्त्रीने आपल्याला धार्मिक वारसाकायद्याऐवजी सर्वसाधारण भारतीय उत्तराधिकार कायदा लागू व्हावा म्हणून सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली, आणि २०२४ साली न्यायालयाने त्या प्रश्नाची दखल घेतली. मनाने बाहेर पडलेल्या माणसाला कायदा अजून जन्माच्या उंबरठ्यावर थांबवून धरतो, हे येथे दिसते.

आता दुसरी बाजू. नास्तिकाला बोलण्याचे स्वातंत्र्य आहे, तसेच दुसऱ्याचे ऐकून घेण्याचे बंधनही त्याच्यावर आहे. श्रद्धेचे परीक्षण करणे हा त्याचा हक्क. श्रद्धावान माणसाची मानहानी करणे हा हक्क नव्हे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीची भूमिका या बाबतीत आदर्श मानण्यासारखी आहे. ईश्वर मानणाऱ्या कार्यकर्त्यांनाही त्या समितीत स्थान होते, कारण तिचा रोख शोषणावर होता, उपासनेवर नव्हता. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांची हत्या झाली, आणि ज्या कायद्यासाठी त्यांनी आयुष्याची कित्येक वर्षे वेचली तो नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांविरुद्धचा कायदा त्यांच्या मागून महाराष्ट्रात आला. छत्तीसगढने त्याआधीच, २००५ साली, एखाद्या स्त्रीला टोनही म्हणजे चेटकीण ठरवून छळणाऱ्यांस शिक्षा देणारा कायदा केला होता. हे कायदे नास्तिकांचे नाहीत. कोणी काय मानावे हे ते सांगत नाहीत. मानण्याच्या नावाखाली दुसऱ्याच्या देहाला आणि अब्रूला हात लावू नये एवढेच सांगतात, आणि धर्मनिरपेक्ष राज्याच्या अधिकाराची सीमाही नेमकी तेथेच आहे.

अखेरीस पुन्हा भिलाईकडे येऊ. दरवर्षी १७ सप्टेंबरला येथील कारखान्यांत विश्वकर्म्याची पूजा होते. यंत्रांना हार पडतात, नारळ फुटतो, प्रसाद वाटला जातो, आणि ज्या यंत्राने वर्षभर आपले पोट भरले त्याच्याविषयी कामगाराच्या मनात असलेली कृतज्ञता त्या दिवशी डोळ्यांना दिसते. खुर्सीपारमधला एखादा नास्तिक कामगार त्या पूजेच्या वेळी आपल्या सहकाऱ्यांच्या मागे उभा राहील, किंवा त्या वेळात आपल्या पाळीचे राहिलेले काम उरकील. पुढे आलेला प्रसाद तो स्नेहाने घेईल, किंवा नम्रपणे नाही म्हणेल. यांपैकी त्याने काय करावे हे ठरविण्याचा अधिकार फोरमनला नाही, युनियनला नाही, शेजाऱ्याला नाही आणि सरकारला तर मुळीच नाही. त्याने जे ठरविले त्याचा परिणाम त्याच्या हजेरीवर, बढतीवर, घराच्या वाटपावर किंवा शेजारधर्मावर होऊ नये, आणि त्याच्यामुळे पूजा करणाऱ्याच्या आनंदातही उणेपणा येऊ नये, एवढे जेथे साधले तेथे धर्मनिरपेक्षता साधली असे समजावे. झोतभट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसांचे प्राण एकमेकांच्या हातात असतात. वितळलेले लोखंड सोडण्याच्या घटकेला शेजारचा इसम कोणत्या देवाचे नाव घेतो, किंवा घेत नाही, याची विचारणा तेथे कोणी करीत नाही, तो आपल्या जागेवर सावध उभा आहे किंवा नाही एवढेच पाहतो. हीच दृष्टी राज्याने प्रत्येक नागरिकाकडे पाहताना ठेवावी. म्हणजे खानेसुमारीचा कारकून दारात येईल तेव्हा ‘कोणताही धर्म नाही’ हे शब्द सांगताना या माणसाचा आवाज खाली जाणार नाही, आणि ते लिहून घेताना कारकुनाची लेखणीही अडखळणार नाही.